पाणी पचवायचं यंत्र

शिवशंकर आप्पांना यंत्राचं नाव सांगून झालं, काम सांगून झालं, मोबाइलवर चित्र दाखवून झालं, तरी आप्पांचं हसू काही थांबेना. “म्हणजे मॅडम, आता पान्यालाबी अपचन व्हायलंय म्हणा की,” ते म्हणाले, आणि दाराशी उभ्या असलेल्या गहिनीनाथमामांनीही मान खाली घालून हसून घेतलं.

प्रियदर्शनी जोगदंड हसली नाही. हसली असती तर विषय तिथंच संपला असता, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. अंबाजोगाईतल्या या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती मुख्य रसायनतज्ज्ञ, आणि आप्पा प्रयोगशाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष. बागायतदार माणूस, घरात तीन पिढ्यांचं पुढारपण, बोलणं गोड आणि हात जरा आखडता. वाईट मुळीच नव्हते. फक्त जगातली प्रत्येक गोष्ट शेतीवरून समजून घ्यायची त्यांची सवय, आणि रसायनशास्त्र शेतीवरून समजावता समजावता प्रियदर्शनीच्या तोंडाला फेस यायचा.

तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. धातू मोजायचं मोठं यंत्र आपल्याकडे आहे, पण पाण्यात जो धातू विरघळलेला असतो तेवढाच ते ओळखतं. गाळात, बारीक कणांत जो दडून बसलेला असतो तो त्याला दिसत नाही. म्हणून आधी नमुन्यात आम्ल घालायचं आणि तो मंद आचेवर तासन्‌तास तापवायचा, पण उकळू द्यायचा नाही. कण विरघळतात, दडलेला धातू पाण्यात उतरतो, मग मोजायचं. त्यासाठी खाचांचा एक तापणारा ठोकळा मिळतो. एकेका खाचेत एकेक नळी बसते आणि सगळ्या नळ्यांना सारखी धग लागते. पुस्तकात याला पाचन म्हणतात. नमुने आणण्या-नेण्याचं काम करणाऱ्या गहिनीनाथमामांनी त्याचं ‘पानी पचवायचं यंत्र’ करून टाकलं होतं, आणि आप्पांना तेवढंच लक्षात राहिलं होतं.

आप्पांनी पुण्याला कुठंतरी असलं काम करणारं दुसरं यंत्र पाहिलं होतं. बंद दाराचं, चकचकीत, आत दिवे लागणारं. घ्यायचंच तर तसं घ्यावं, उद्घाटनाला शोभून दिसेल, असं त्यांचं म्हणणं. प्रियदर्शनी म्हणाली की ते दाबावर चालतं, लाइट गेली की काम अर्ध्यात अडतं आणि बिघडलं की दुरुस्तीला माणूस येईपर्यंत आपण तोंड बघत बसायचं. आपल्यासाठी ते नाकापेक्षा मोती जड. ठोकळा बरा, लाइट गेली तरी चुलीतल्या निखाऱ्यासारखा बराच वेळ धग धरून राहतो.

चुलीचं नाव निघाल्यावर आप्पांना पटल्यासारखं वाटलं. “बरं,” ते म्हणाले. “कंपनीला म्हणावं, ठोकळा हितं आणून दाखवा. नेहमी येतंय तसंच गावाकडचं एक पानी घ्या. पचवून मोजा आन् न पचवता मोजा. फरक दिसला तर त्याच दिवशी घेऊन टाकू. न्हाई दिसला तर मॅडम, हा विषय पुन्हा काढायचा न्हाई.”

प्रियदर्शनीनं मान डोलावली. कोणत्या गावचं पाणी घ्यायचं ते तिनं केव्हाच ठरवून ठेवलं होतं.

युसूफ वडगावच्या पुढं मुंजोबाची वाडी म्हणून एक वस्ती आहे. पाण्याचे नमुने कसे भरायचे हे तिथल्या बायकांना शिकवायला ती मध्यंतरी गेली होती. नळ थोडा वेळ वाहू द्यायचा, बाटली त्याच पाण्यानं विसळायची, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, सगळं तिनं करून दाखवलं होतं. त्याच दिवशी शाळेची पाण्याची टाकी धुणं चाललं होतं. तळातून काढलेला गाळ बाजूला पडला होता, तांबडा-काळा आणि चिकट. टाकीला येणारा पाइप जुना, ओतीव लोखंडाचा, आणि त्याचे जोड कुण्या काळच्या मिस्त्रीनं शिसं वितळवून बसवलेले. तिनं सहज नख लावलं तर करड्या शिशावर ओरखडा उठला. शिसं थोडं थोडं पोटात जात राहिलं तर मोठ्या माणसाला लवकर कळतही नाही, पण लहान लेकरांच्या वाढीवर आणि बुद्धीवर त्याचा परिणाम होतो. वाडीतली निम्मी लेकरं आईबाप ऊसतोडीला गेलेले म्हणून आज्यांपाशी राहिलेली, आणि मधली सुट्टी झाली की सगळी त्याच टाकीच्या तोटीला ओंजळ लावणारी.

प्रयोगशाळेत मात्र या वाडीचं पाणी दर वेळी स्वच्छ निघे. शिसं मर्यादेच्या आत. ‘पिण्यास योग्य’ असा अहवाल तयार होई आणि खाली सही प्रियदर्शनीची. या खेपेचा अहवालही छापून टेबलावर पडला होता आणि तिनं तो सहीविना अडवून धरला होता. डोळ्यांनी एक पाहिलं होतं, आकडा दुसरंच सांगत होता. ठोकळा आला नाही तर आकड्याखाली सही करण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं, आणि ती सही म्हणजे त्या लेकरांना ‘प्या खुशाल’ म्हणण्यासारखं होतं.

कंपनीचा इंजिनियर पुण्याहून ठोकळा घेऊन आला. मामांनी आदल्या दिवशीच वाडीहून बाटली आणून ठेवली होती. धूर ओढून घेणाऱ्या कपाटात ठोकळा मांडला, बाटली हलवून पाणी दोन भागांत केलं, एका भागात आम्ल घातलं आणि नळ्या खाचांत बसवल्या. दुपारभर सगळे वाट बघत बसले. आप्पा मधून मधून कपाटाच्या काचेशी जाऊन ‘शिजलं का?’ म्हणून विचारून येत. दिवस कलता कलता दोन्ही आकडे पडद्यावर आले.

आकड्यांत फरक म्हणावा असा फरकच नव्हता. पचवलेलं पाणी आणि न पचवलेलं पाणी, दोन्ही सारखीच स्वच्छ.

आप्पांनी तिला टोमणा मारला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. ते हळू आवाजात म्हणाले, “आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येनार, मॅडम? पानी चांगलं हाय, हे चांगलंच हाय की.” मग चहा घेऊन ते निघून गेले. इंजिनियरनं ठोकळा गार व्हायला ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याला लातूरला जायचं होतं. प्रियदर्शनीनं त्याला गळ घातली की उद्या संध्याकाळपर्यंत थांबा. कशासाठी, ते तिला स्वतःलाही नीट सांगता येत नव्हतं.

मामा सोडून बाकी सगळे गेल्यावर तिनं वाडीची बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी थोडं पाणी उरलं होतं. तिनं ते फिरवून पाहिलं, उलटंपालटं करून पाहिलं. एक कण नव्हता. आजवर तपासायचं म्हणजे वरचं नितळ पाणी घ्यायचं, त्यामुळे बाटलीचा तळ असा कुणी कधी निरखलाच नव्हता. तो तांबडा-काळा गाळ तिनं स्वतः पाहिलेला. टाकी कितीही धुतली तरी त्या पाइपातून येणारं पाणी इतकं निर्मळ असेल कसं? तिनं मामांना विचारलं की बाटली नक्की शाळेच्याच तोटीची ना. मामा म्हणाले, शंकाच नको, छबुबाई स्वतः भरून देते, लई जपून भरते. त्यांनी भरताना पाहिलं होतं का, तर नाही. छबुबाई आधी त्यांना घरी चहाला बसवते आणि मग बाटली आणून हातात देते.

सकाळी प्रियदर्शनीनं स्कूटी काढली आणि थेट वाडी गाठली.

शिकवलेल्या बायकांमध्ये छबुबाई सगळ्यांत हुशार. पन्नाशी उलटलेली, शाळेत खिचडी शिजवणारी, आणि पाण्याचं काम आपल्याकडे आलं याचा मनापासून अभिमान असलेली. मॅडम स्वतः आल्या म्हटल्यावर तिनं चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि चहाचं आधण ठेवायला निघाली. प्रियदर्शनीनं तिला थांबवलं. चहा मग घेऊ, आधी एक बाटली भरून द्या, नेहमी भरता अगदी तशीच, एवढंच ती म्हणाली.

छबुबाईनं तोटी सोडून पाणी वाहू दिलं. बाटली विसळली, पुन्हा विसळली. झाकण उपडं धरलं, आत बोट लागू दिलं नाही. एकही पायरी चुकली नाही, आणि शिकवणाऱ्या बाईला आणखी काय हवं असतं, प्रियदर्शनी मनातून सुखावली. मग छबुबाईनं खिचडीच्या खोलीतल्या खुंटीवरून एक फडकं आणलं. जुन्या सुती लुगड्याचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्याची चौपदरी घडी घातली, नरसाळ्यावर पसरली आणि नरसाळं बाटलीच्या तोंडावर ठेवलं.

“मावशी, हे कशाला?” प्रियदर्शनीनं विचारलं.

छबुबाईला प्रश्नच कळला नाही. “कशाला म्हंजी? गाळल्याबिगर पानी देतेत का कुनाला? घरी पाव्हना आला तरी गाळून देतो आमी. हे तर अंबाजोगाईला जानारं पानी. वाडीची अब्रू हाय ती.” मग ती जरा संकोचली आणि आवाज उतरवून म्हणाली, “आन् तिथं तुमी पिऊन बघत आसताल की. तुमच्या तोंडात कचरा जायचा, ते बरं दिसतंय का?”

प्रियदर्शनीला हसू यायला हवं होतं. आलं नाही, डोळेच भरून आले. तिची आजी मंजुळाबाई सांगायची की त्यांच्या गावात विहिरीच्या कडेला घागर घेऊन ताटकळत बसावं लागे. कुणा शेतकऱ्याच्या बाईला दया आली की ती वरून पाण्याची धार सोडायची, घागरीला आपलं भांडं लागू न देता. आजी हे रागानं सांगत नसे, पाऊसपाणी सांगावं तसं सांगायची, आणि म्हणूनच प्रियदर्शनीला ते कधी विसरता आलं नाही. शिकवायला आली तेव्हा तिनं आपलं पूर्ण नाव सांगितलं होतं, आणि बीड जिल्ह्यात आडनाव सांगितलं की पुढचं विचारावं लागत नाही. सगळं माहीत असलेली ही शेतकऱ्याघरची बाई इतके महिने जोगदंडांच्या लेकीच्या तोंडात कचरा जाऊ नये म्हणून चौपदरी फडक्यातून पाणी गाळत आली होती.

आणि त्या चौपदरी मायेनंच सगळा घोटाळा केला होता. दोष छबुबाईचा नव्हता. प्रियदर्शनीनं बाटली शिकवली, झाकण शिकवलं, पण ‘गाळू नका’ एवढं सांगायचं तिला सुचलंच नव्हतं. जिच्या स्वतःच्या आईच्या हंड्यावर जन्मभर फडकं बांधलेलं असे, तिला हे सुचू नये! प्रयोगशाळेत बसून इतके दिवस उंटावरून शेळ्या हाकल्या, असं तिला वाटलं आणि स्वतःचाच राग आला.

तिनं फडकं उचलून घडी उलगडली. आतल्या पदरावर तांबडा-काळा बारीक थर बसला होता.

“मावशी, मला जे तपासायचंय ते या फडक्यात राहतंय,” ती म्हणाली. मग तिनं पाइप दाखवला, शिशाचे जोड दाखवले आणि ते पोटात गेलं तर काय होतं ते साध्या शब्दांत सांगितलं. छबुबाई ऐकत होती. तेवढ्यात मधली सुट्टी झाली आणि लेकरांचा लोंढा टाकीकडे आला. सगळ्यांत पुढं तिची नात अंजली होती. अंजलीनं तोटी सोडली आणि ओंजळ तोंडाला लावली.

छबुबाई क्षणभर बघत राहिली. “खिचडीला मी गाळून घेते,” ती हळूच म्हणाली. “पोरं कुठं गाळतेत? मंग माजी अंजली काय पीत व्हती, म्याडम?”

उत्तराची वाट न बघता छबुबाई पुढं झाली, तिनं तोटी बंद केली आणि लेकरांना खिचडीच्या खोलीत नेऊन गाळलेल्या पाण्याच्या रांजणापाशी उभं केलं. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. आपण चांगलं करायला गेलो आणि त्यातच वाईट झाकलं गेलं, हे तिला चांगलंच लागलं होतं. प्रियदर्शनीनं तिचा हात धरून सांगितलं की चूक माझी आहे, मी सांगायला पाहिजे होतं, तुम्ही तर शिकवलं त्याहून जास्तच केलंत. ते छबुबाईला कितपत पटलं कोण जाणे. तिनं दुसरी बाटली घेतली आणि न गाळता भरली. गढूळ बाटली हातात देताना तिनं नकळत डोईवरचा पदर सावरला, पाहुण्यापुढं उष्टं ताट ठेवावं लागल्यासारखी ती कानकोंडी झाली होती.

दुपारपर्यंत बाटली ठोकळ्याशी पोचली. लातूरचं काम पुढं ढकलावं लागलं म्हणून इंजिनियर धुसफुसत होता, पण बाटलीच्या तळाचा गाळ पाहिल्यावर त्यानं मुकाट्यानं नळ्या मांडल्या. आप्पांनाही बोलावणं गेलं. आदल्या दिवशीसारखेच सगळे बसले, फक्त या वेळी ‘शिजलं का?’ असं कुणी विचारलं नाही.

न पचवलेल्या पाण्याचा आकडा पूर्वीसारखाच मर्यादेच्या आत आला. पचवलेल्या पाण्याचा आकडा आला तो मर्यादेच्या कितीतरी वर. इंजिनियरनं पुन्हा मोजलं, तरी तेवढाच.

आप्पांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावून आकडा पाहिला. मग त्यांनी सगळी हकिकत विचारली. फडक्याचं ऐकून ते म्हणाले, “आडात व्हतं, मॅडम. त्या माउलीनं पोहराच पुसून दिला.” त्यांनी आधी वाडीच्या सरपंचाला फोन लावून तोटीला कुलूप घालायला सांगितलं आणि मग इंजिनियरकडे वळून म्हणाले, ठोकळा आता हलवायचा नाही. हा नुसता दाखवायचा ठोकळा आहे, तुमचा नवा पाठवतो, असं तो म्हणाला, तर आप्पांनी नवा येईपर्यंत हाच राहू द्या म्हणून त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

त्या संध्याकाळी प्रियदर्शनीनं जुना अहवाल फाडला आणि नवा केला. ‘पिण्यास अयोग्य’. त्याखाली तिनं सही केली.

पाइप बदलायचं काम आप्पांनी अंगावर घेतलं. फोटो काढल्याशिवाय त्यांनी पाइप बसू दिला नाही ही गोष्ट खरी, पण पाइप बसला, टाकी खरवडून निघाली, आणि पाण्याचा नवा नमुना मागवायचा दिवस आला.

मामा वाडीहून परतले तेव्हा त्यांच्या पिशवीत बाटलीसोबत फिरकीच्या झाकणाचा एक पितळी तांब्या होता. प्रवासाला नेतात तसला, चिंचेनं घासून लखलखीत केलेला. मामांनी दोन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या आणि निरोप सांगितला. “छबुबाई म्हनली, बाटलीतलं मशिनीला. ते गाळलं न्हाई. तांब्यातलं म्याडमला. ते गाळलंय म्हनावं.”

बाटली नव्या ठोकळ्याकडे गेली. आत खायचं-प्यायचं नाही हा प्रयोगशाळेचा नियम प्रियदर्शनीनंच लावलेला, म्हणून तांब्या घेऊन ती बाहेर व्हरांड्यात आली. तपासल्याशिवाय कुठलं पाणी पिऊ नये हे ती जगाला सांगत असे, पण छबुबाईचं गाळलेलं पाणी तर ती इतके दिवस तपासतच आली होती. तिनं फिरकी सोडली आणि दुसऱ्याचं भांडं म्हणून सवयीनं वरून धार धरायला तांब्या उंच उचलला. मग आजीची घागर तिच्या डोळ्यांपुढं आली, आणि तिनं हात खाली आणून तांब्याला तोंड लावलं. पाणी गार होतं. ती सावकाश सगळं प्यायली.

दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. तिनं चहाच्या सामानातली साखर तांब्यात भरली, फिरकी घट्ट लावली, आणि पुढच्या खेपेला आठवणीनं न्या म्हणून तांब्या मामांच्या हातात दिला.